दहा कोऱ्या काचा

माझ्या नाकावर राग आहे, हे धाराशिवात माझ्या लॅबची पायरी चढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. सगळ्यांत जास्त ठाऊक आमच्या टेक्निशियन काकांना. ते तेरहून एसटीनं येतात. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं बस अडकली की त्यांना उशीर होतो, मी बोलते, ते ऐकून घेतात आणि हात धुऊन मशीनवर बसतात.

आमचं काम असं : रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा. त्या मेणाच्या वडीला आम्ही ब्लॉक म्हणतो. मग मशीनवर तिचे कांद्याच्या सालीहूनही पातळ पापुद्रे काढायचे, कोमट पाण्यावर पसरायचे, काचेवर उचलायचे आणि रंगवून मला बघायला द्यायचे. काकांना एक खोड होती. लहान तुकडा आला की पहिल्याच बैठकीत ते जास्तीचे पापुद्रे काढून कोऱ्या काचांवर धरून ठेवत, न रंगवता. मी एकदा फटकारलं, "काचा काय झाडाला लागतात काका?" त्यानंतर मला कोऱ्या काचा दिसल्या नाहीत. मला वाटलं, सोडली खोड.

त्या उन्हाळ्यात सीमेकडच्या एका गावातून एक मुलगी वडिलांना घेऊन आली. ती अंगणवाडीत शिकवायची. घरात कानडी आणि मराठी सारखीच चालायची. वडिलांच्या छातीत पाणी होत होतं. टीबी समजून सहा महिने गोळ्या खाऊन झाल्या होत्या. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या अस्तराचा तुकडा काढून आमच्याकडं पाठवला. मी विचारलं, काम काय करायचात? तरुणपणी कारखान्या-कारखान्यांतून फिरून गरम पाइपांना पांढरी दोरी गुंडाळायचो, म्हणाले. ती दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असते, हे मला माहीत होतं. तिचे तंतू छातीत जाऊन बसतात आणि तीस-चाळीस वर्षांनी उगवतात.

म्हातारा मोठा हौशी होता. मी सूक्ष्मदर्शकातून त्याला त्याचाच तुकडा दाखवला, तर म्हणाला, "लई चांगलं दिसतंय की हो मॅडम, इरकली लुगड्याच्या काठावानी." मुलगी हसली नाही. तिनं मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "गोळीचं हाय का बिनगोळीचं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. कॅन्सर आहे हे पहिल्याच काचेवर दिसत होतं, पण कुठला ते कळत नव्हतं. फुप्फुसाचा असता तर जनुकांची तपासणी करून, नशीब असेल तर, रोजची एक गोळी लागू पडते. तिच्या गावातल्या एका बाईला पडली होती. ती बाई दोन वर्षं शेतात जात होती. अस्तराचा असला तर तसली गोळी बहुधा नाहीच. नेहमीसारख्या रंगवलेल्या काचेवर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून मार्कर, म्हणजे खास रंग, लावायचे. एखादा रंग अस्तराच्याच पेशी धरतात, एखादा फुप्फुसाच्याच. शिवाय एक जनुक असं आहे, की त्याचं प्रथिन अस्तराच्या गाठीतून बऱ्याचदा गायबच झालेलं असतं. मग पेशीचं केंद्र रंगत नाही, कोरं राहतं.

काकांनी दुसऱ्यांदा ब्लॉक लावला, पापुद्रे काढले आणि आम्ही ते पुण्याला पाठवले. आठवड्यानं तिथल्या माझ्या जुन्या सरांचा फोन आला. अस्तराचे रंग धरलेत, फुप्फुसाचे नाहीत, ते प्रथिनही गेलंय. निदान पक्कं. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "एक रंग जरा फिका आलाय. कटिंग जाड झालं असेल तुमच्याकडं."

झालं. निदान मिळालं होतं, तिथंच थांबायचं. पण "तुमच्याकडं" हा शब्द मला झोंबला. काका त्या दिवशी रजेवर होते. मी स्वतःच मशीनवर बसले. म्हटलं, दाखवतेच कटिंग कसं असतं ते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एकानं लावलेला ब्लॉक दुसऱ्यानं परत लावला की कोन किंचित बदलतो. तो सरळ करण्यात वरचं वरचं उडून जातं. मोठ्या तुकड्यात ते खपतं. हा तुकडा तांदळाच्या कणीएवढा होता. चाक फिरवत राहिले, आणि पाण्यावर एक सुंदर पातळ पापुद्रा तरंगला, नुसत्या मेणाचा. दुसरा काढला, तोही तसाच.

चार दिवसांनी मुलगी आली. डॉक्टर म्हणाले होते, मनाच्या समाधानासाठी जनुकांची तपासणी करायची तर करा. तिला ब्लॉक हवा होता. मी म्हणाले, "त्यात काही उरलं नाही बाई. तुकडाच लहान होता." काका तिथंच उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि खाली मान घातली. परत तुकडा काढायला वडील तयार झाले नाहीत. "एकदा टोचलं, बास झालं," म्हणाले. मुलीच्या मनात मात्र ती गोळी अडकून राहिली. दर वेळी वडिलांना छातीतलं पाणी काढायला घेऊन आली की लॅबमध्ये डोकावायची आणि विचारायची, "ती टेस्ट राहूनच गेली न्हवं का, मॅडम?" मी कामात असल्याचं दाखवायची.

श्रावणात ते गेले. थोड्या दिवसांनी ती परत आली, एकटीच. ती ब्लॉक मागायला आली होती. "आमच्यात जाळत न्हाईत मॅडम. बसवून मातीत देतात, अख्खा माणूस. अप्पांचं एवढंसं भायेर राह्यलंय. समाधीपाशी पुरावं म्हणतोय आमी."

मी कपाटातून ब्लॉक काढून तिच्या हातात ठेवला. तिनं तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, उलटसुलट केला. पांढरं मेण होतं आणि मध्ये एक उथळ खळगा.

"ह्यात अप्पा कुठं हाईत?"

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी सांगून टाकलं. "यात नाहीत. तुकडा एवढाही लहान नव्हता. मी गरज नसताना परत कापला आणि संपवला. तुला खोटं सांगितलं."

काका उठले. रंगांच्या बाटल्यांमागून त्यांनी एक खडूची जुनी पेटी काढली आणि टेबलावर ठेवली. आत कोऱ्या काचा उभ्या लावलेल्या होत्या. प्रत्येकीवर तिच्या वडिलांचा नंबर होता आणि मधोमध अगदी फिकट, ओल्या बोटाचा ठसा उमटावा तेवढंच काहीतरी.

"पहिल्या कापातले हाईत. धा."

"काका, सांगितलं का नाही मला? तेव्हाच तपासणी झाली असती."

"तुमी काचा मोजीत हुता, मॅडम," ते म्हणाले. "भ्यालो."

मी मुलीला समजावून सांगितलं. या काचांवर तपासणी अजून होऊ शकते. गोळी लागू पडली असती की नाही, ते कळेल. पण त्यासाठी सगळं खरवडून घेतात, मागं काही उरत नाही.

तिनं एक काच उचलली, कडेला धरून, काका धरतात तशी. "अस्तराचंच हुतं, ही तुमची खात्री हाय?"

"आहे."

"गोळी लागलीच नसती?"

"नसती लागली."

"मग खरवडू नका. अप्पांना द्या मला."

काकांनी पेटी वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधली. ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मातीत काच फुटली तर चालंल न्हवं?" मी म्हणाले, चालेल.

गोळी लागली नसती, असं मला आजही वाटतं. पण ते तपासून बघता येईल अशी एकच वस्तू शिल्लक होती, आणि ती तिनं माझ्या शब्दावर मातीत दिली. मी तिच्याशी एकदा खोटं बोलले होते हे ठाऊक असताना.