साळवेताईंचं उघडं दार

साळवेताई कामाला जाताना दाराला कुलूप लावत नसत. मजल्यावरचे सगळे त्यांना वेड्यात काढायचे. मी तर तोंडावर म्हणायचे, "चोरांना आवतण देताय का?" त्या चपला सरकवत म्हणत, "चोर परवडला वहिनी, साहेब नाय परवडत."

खोटं काही नव्हतं. ही घरं आम्हाला कामगारांसाठीच्या सरकारी योजनेत, सोडतीतून लागलेली. अट अशी, की स्वतः राहायचं, भाड्यानं द्यायचं नाही. अट चांगलीच होती. पण तपासणीचे साहेब यायचे भरदुपारी, आणि तेव्हा अख्खी इमारत अंबडच्या कारखान्यांत. मी घरीच ब्लाउज शिवते म्हणून वाचले. ताईंच्या दारावर मात्र दोनदा 'घर बंद आढळले' अशी नोटीस चिकटली. पुन्हा बंद दिसलं की घर काढून घेणार. रजा मागावी तर कंत्राटदार म्हणे, मग कायमच्या घरी बसा. चांदवडहून एकटीनं येऊन, राबून मिळवलेलं घर! तेव्हापासून दार उघडं. "कुलूप काय सांगनार? चुलीला इचारा म्हनावं," असं मला बजावून त्या जायच्या.

आणि साहेब आले. मी शिवण टाकून धावले. गॅसवर भाताचं पातेलं होतं, दोरीवर ओली साडी होती. साहेब म्हणाले, "दार काय, कोणीही उघडं ठेवील. मालकीण कुठंय?" मी फोन लावला. ताई कारखान्यातली पाळी अर्धी टाकून आल्या, हातमोजे तसेच, धाप लागलेली.

"साहेब, घर कामगाराचं हाय ना? मग कामगार दुपारचा घरी कसा घावंल? ज्या दिवशी घावंन, त्या दिवशी समजा माझं काम गेलं."

साहेब 'राहतात' असा शेरा मारून जिना उतरले. आनंदानं मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदारानं ताईंना फाटकातूनच परत पाठवलं. अर्धी पाळी टाकली ना!

पुढच्या तपासणीला तेच साहेब. मोठ्या खुशीत म्हणाले, "वा, आज घरी सापडलात!"

ताई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हो साहेब. आता रोजच घावंन."

साहेबांनी पुन्हा लिहिलं, 'राहतात'. घराचे हप्ते थकले तशा ताई चांदवडला परत गेल्या. त्यांच्या दाराला आता कुलूप आहे, आणि तपासायला कोणी येत नाही.