ओहोटीतली विहीर

किल्ला पाहून आम्ही किनाऱ्यावर उतरलो, तेव्हा ओहोटी होती. वाळूतून एका विहिरीचा दगडी कठडा वर आला होता आणि त्यावर चढून पर्यटक फोटो काढत होते. आमचा मुक्काम होता त्या घरच्या सुगंधाकाकी सोबत होत्या.

"ती आमच्या वाडीची विहीर," त्या म्हणाल्या. "पलीकडे माझं घर होतं. आधी माड गेले, मग अंगण."

"आणि माणसं?"

"आम्ही वर डोंगरात आलो. मामंजी घर सोडीनात. एका उधाणात घरासकट गेले."

किल्ल्यावरच्या फलकावर साऱ्या लढाया होत्या. ही हार कुठेच लिहिलेली नव्हती.

भरती लागली. काकी पुढे झाल्या आणि कठड्यावरच्या मुलींना शांतपणे म्हणाल्या, "उतरा गं आता. पाणी इथं सांगून येत नाही."