पणजोबा किल्लेदार होते म्हणे

भालकीतले आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना मोठे अप्पा म्हणायचो, एका कागदावर जन्मभर तोऱ्यात जगले. कागद निजामाच्या काळचा, उर्दूतला. अप्पांची शाळाही उर्दूच, पण ते दुसरीतूनच पळालेले. आम्ही पोरं भालकी म्हैसूर राज्यात गेल्यानंतरची, कन्नड-मराठी शिकलेली. घरात कुणालाच तो वाचता येत नव्हता, त्यामुळे त्यात वाट्टेल ते लिहिलेलं असायचं. पणजोबा एरवी किल्लेदार असत. ऊस चांगला आला की थेट सुभेदार. खंडेनवमीला विळ्या-कोयत्यांशेजारी कागदालाही हळदकुंकू. आम्ही लिंगायत, कुठलंच काम हलकं नसतं असं जगाला ऐकवणारे. फक्त आमचे पणजोबा तेवढे हुकूम सोडणारे हवेत.

अप्पांच्या मुलीला, म्हणजे आमच्या अक्काला, अफजलपूरकडचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. पाहुण्यांनी घराण्याची चौकशी करताच अप्पांनी कागद काढला आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या उर्दू मास्तरांना बोलावलं.

मास्तरांनी कागद मनातल्या मनात वाचला आणि हळूच विचारलं, "पूरा पढूं क्या?"

"वाचा की मोठ्यानं! पावण्यायला ऐकू द्या."

मास्तरांनी अर्थ सांगितला. पणजोबा जागीरदाराचा हुक्का भरायचे. इतका झकास भरायचे, की जागीरदारानं खूश होऊन त्यांना ओढ्याकाठची जमीन दिली. त्याच जमिनीतला ऊस अप्पा मिशीला पीळ देत विकत होते. पाहुण्यांनी चहा संपवला आणि "कळवतो" म्हणून उठले.

पुढच्या आठवड्यात मुलाचे वडील पुन्हा आले. "सोयरीक मंजूर हाय. फकस्त त्या हुक्क्याचं आमच्या भावकीत काढू नका. किल्लेदार हुते म्हणूनच सांगा."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. मला लगेच पेढ्यांना पिटाळू लागले. तेवढ्यात अक्का आतून आली.

"अप्पा, न्हाई म्हणून सांगा."

"कामून? पोरगं तर तुला आवडलंय की!"

"आवडलंय. पण आज पणज्याला लपवायलाव, उद्या मला तुमालाबी लपवावं लागंल."

मला तिचा त्या दिवशी भारी अभिमान वाटला. ती मात्र दिवसभर रडली, पण शब्द फिरवला नाही. आणि अप्पा गल्लीभर सांगत सुटले, की ती माणसं आपल्या तोलामोलाची नव्हती, म्हणून आम्हीच नकार दिला.