सीतादहीचा पाहुणा

तुमच्या वावरात दहीभात खाऊन उठलेल्या माणसाने काही मागितलं, तर तुम्ही त्याला नाही म्हणू शकाल का?

माझी आई म्हणू शकली नाही. जानेफळकडच्या आमच्या गावात कापूस फुटला की पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया सीतादही करतात. वावरात दगड मांडून पुजायचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि त्या दिवशी बांधावर आलेल्या कुणालाही रिकाम्या हाती पाठवायचं नाही. तो नेमका त्याच दिवशी आला. कापसातून सरकी वेगळी करायला शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या आमच्या जिनिंग कंपनीचे सुटे शेअर विकत घेत तो गावोगाव हिंडत होता. पोटभर जेवला, हात धुतले आणि म्हणाला, "काकू, जिनिंग तं बंदच पडली. तुमचा शेअर देऊन टाका मले. ठेवून काय पूजा करता त्याची?" तो म्हणाला त्या भावात आईने सही केली.

संध्याकाळी मी भांडले. ती एवढंच म्हणाली, "सीतादहीले नाही कशी म्हणू वं पोरी?"

बाबा गेल्यावर तो शेअर तिच्या नावावर झाला होता. वर्षातून एकदा जिनिंगच्या आवारात सभा भरायची. तिथे तिला खुर्ची मिळायची, तिचं पूर्ण नाव पुकारलं जायचं. एरवी गावात ती कुणाची तरी बायको, नाहीतर कुणाची तरी माय. बीटी कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी शिरली त्या वर्षीही तिने सभा चुकवली नव्हती. आता सभेतलं तिचं मत त्याचं झालं. अशी पुरेशी मतं जमली की रस्त्यालगतचं ते आवार विकायला तो मोकळा.

मी पत्रकांवर वाढले. बाबांच्या मोर्च्यांची पत्रकं घडी घालता घालता वाचायला शिकले. तालुक्याच्या साप्ताहिकासाठी त्या शेअर घेणाऱ्यावर लेख लिहिला, तो 'गिधाड' या शब्दानेच सुरू केला. संपादकांनी परत दिला. "पत्रक नको बाई. तटस्थ लिही. त्यालेही विचार."

धुमसतच त्याच्याकडे गेले. त्याने चहा पाजला. "म्या कोणाचा हात धरला काय? सगळ्यायनं राजीखुशीनं सह्या केल्या." हे खरं होतं. लिहून घेतलं.

"पण तुम्ही सगळ्यायकडं सीतादहीलेच काऊन येता?"

तो मनापासून हसला. "त्या दिवशी बायाचं मन मोठं असते ना!"

घरी येऊन मी 'गिधाड' खोडलं, 'लुटारू' खोडलं. त्याची बाजू पूर्ण मांडली आणि मोठ्या मनाचं ते वाक्य त्याच्याच शब्दांत शेवटी ठेवलं. एकटं. इतक्या शांत हाताने मी कधीच लिहिलं नव्हतं, आणि इतक्या रागानेही.

लेख छापून आला तेव्हा ओट्यावर जमलेल्या बायांना वाचून दाखवला. शेवटची ओळ ऐकून शेजारची काकू उसळली, "आमच्या मोठ्या मनावर चरते काय बे हा!" आईने अंकाची घडी घातली. मग म्हणाली, "माहा तं गेला. तुमचे जाऊ देऊ नका. पण जेवू घाला त्याले. आपला नेम काऊन मोडाचा?"

म्हणून एवढं करा. यंदा तो तुमच्या बांधावर आला तर वाढा, नको म्हणेपर्यंत वाढा. मग त्याने कागद पुढे केला की त्याच्या हातात द्रोणभर दहीभात ठेवा, म्हणजे तो रिकाम्या हाती जाणार नाही. सही मागायची तर सभेत, सगळ्यांसमोर माग म्हणा.