डेस्मंडची लेडी ऑगस्टा

आमच्या शेजारच्या डेस्मंड क्लेगचं एका बाईवर प्रेम आहे, आणि ती त्याची बायको नव्हे. तिचं नाव लेडी ऑगस्टा. रंग हिरवा, बांधा आडदांड, मुक्काम कॉल्डरबीच्या रेल्वे संग्रहालयात. एके काळी ती वाफेवर वाऱ्यासारखी धावायची म्हणे. आता तिच्या पोटात ना पाणी, ना विस्तव. दोघांचं जुळलं ते बहुधा त्यामुळेच.

पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून डेस्मंडला उद्योग एकच: संग्रहालयांत जपून ठेवलेल्या इंजिनांचे फोटो काढणे. जी वस्तू वर्षानुवर्षं जागची हललेली नाही, तिचा एक फोटो काढायला या गृहस्थाला अख्खा दिवस लागतो. कारण फोटोत माणूस दिसता कामा नये. एखादं पोर कौतुकानं चाकाला हात लावायला गेलं, की हा शिडीवरून खेकसतो, "ओ बाई, उचला ते तुमचं कार्टं!" इंजिन माणसांनी बांधलं, माणसांनी हाकलं, पण डेस्मंडच्या फोटोमंडळाच्या लेखी माणूस म्हणजे इंजिनावरचा डाग. तो नंतर संगणकावर पुसायचा नाही, हाही नियम. डागच पडू द्यायचा नाही.

त्यांचा आणखी एक नियम याहून खुळा. इंजिनाच्या चाकांना जोडणारा लांब पोलादी दांडा चाकांबरोबर वर-खाली फिरतो. फोटोत तो तळाशीच हवा. वर असला, की फोटो बाद. का, असं विचारलंत तर पाद्र्याला त्याच्या विजारीचं माप विचारल्यासारखे बघतात. आणि लेडी ऑगस्टाला आत ढकलणाऱ्या कुणा गड्यानं ती नेमकी दांडा वर ठेवून उभी केली. डेस्मंड दर उन्हाळ्यात जायचा, दांडा बघायचा, सुस्कारा टाकून परत यायचा. मंडळाच्या कॅलेंडरचं मुखपृष्ठ, एवढं एकच त्याला या जन्मात हवं होतं. ते दरवर्षी मंडळातलाच क्लाइव्ह पॉबजॉय पटकावायचा.

त्याची बायको डोरीन मागून शिडी, अंड्याची सँडविचेस आणि लाल चौकड्यांचा थर्मास घेऊन चालायची. लग्न झाल्यापासून ती त्याच्याबरोबर निम्मं इंग्लंड फिरली, पण तिचा कुठेही एक फोटो नाही. "तिकडे समुद्र होता म्हणे," ती मला एकदा म्हणाली. "आम्ही शेडमध्ये होतो."

गेल्या सप्टेंबरात संग्रहालयाची फरशी उखडायची निघाली, आणि लेडी ऑगस्टाला एका दिवसापुरतं उघड्यावर काढायचं ठरलं. डेस्मंडची गाडी नेमकी बिघडलेली, म्हणून दोघांना मीच नेलं. फुकटचा तमाशा मी सोडत नाही.

अंगणात मंडळाचे सगळे फोटोवाले एका ओळीत शिड्या लावून उभे. ओळीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा धर्म. डिझेलच्या छोट्या इंजिनानं लेडी ऑगस्टाला बाहेर ओढलं, आणि दांडा पुन्हा वरच थांबला. ओळीतून असा काही हुंदका उठला, की मला वाटलं कुणी गेलंच.

"अहो भाऊ, अर्धा फेरा पुढे घ्या ना!" डेस्मंड डिझेलवाल्याला ओरडला.

"आजोबा, मघाशी मागे घ्या म्हणालात."

"तो हा पॉबजॉय म्हणाला! त्याला काय कळतंय?"

"तुम्ही सगळे आधी एकमेकांशी लग्न लावून घ्या," डिझेलवाला म्हणाला, "मग मला सांगा काय ते." पण घेतलं बापड्यानं पुढे. दांडा तळाशी आला. फक्त आभाळ भरलेलं होतं. सगळे माना वर करून उन्हाची वाट बघत राहिले.

ढग फाटला, हिरवा रंग झळाळला, आणि डोरीन लाल रेनकोटात ओळ ओलांडून सरळ पुढे गेली. लेडी ऑगस्टाच्या पायरीवर बसली, शेजारी थर्मास ठेवला.

"डेस्मंड," ती म्हणाली, "एक माझा काढ."

"बाई, बाजूला व्हा!" "कुणाची आहे ही?" "हाकला तिला!" ओळ भुंकायला लागली.

आणि डेस्मंड? तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडला, "डोरीन! अगं, वेड लागलंय का? ऊन चाललंय माझं!"

ती उठली नाही. तोंड गोरंमोरं झालं, तरी हसत बसली. कॅमेऱ्यांची चार-दोन खटखट झाली तोवर ढग मिटला आणि पाऊस आला. लेडी ऑगस्टा आत गेली. परतताना गाडीत मी तेवढी गुणगुणत होते.

मग डेस्मंड संगणकाशी जाऊन बसला तो बसलाच. महिन्याभरानं त्यानं मंडळाला फोटो धाडला: ऊन लख्ख, दांडा तळाशी, माणूस औषधालाही नाही. "ती पुढे जायच्या आधीच मी कळ दाबली होती," तो छाती फुगवून सगळ्यांना सांगत सुटला. फोटो मुखपृष्ठावर आला. कॅलेंडर घरोघर गेलं, आणि त्याच संध्याकाळी पॉबजॉयचा फोन आला.

"अभिनंदन रे डेस्मंड. लेडी ऑगस्टा हल्ली चहा सोबत घेऊन निघते का?"

पायरीवर लाल चौकड्यांचा थर्मास उभा होता. पठ्ठ्यानं बायको बोटाबोटानं पुसली होती, तिच्यामागचं लोखंड रंगवून काढलं होतं. पण ज्यातून जन्मभर चहा ढोसला, तो थर्मास काही त्याच्या डोळ्यांना दिसला नव्हता. आणि थर्मास डोरीनबरोबरच पुढे गेला होता, हे सगळ्या ओळीनं पाहिलेलं; म्हणजे कळ दाबली ती त्यानंतरच. मंडळानं डेस्मंडचं नाव काढून टाकलं. खोट्या फोटोपेक्षा त्यांना थर्मासाचाच राग जास्त आलेला दिसला.

डोरीननं कॅलेंडर बराच वेळ न्याहाळलं. "थर्मास छान आलाय," एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी ती आणि मी समुद्रावर निघालो. मी गाडी चालू केली तेवढ्यात डेस्मंड सपातांतच कुंपणाशी आला.

"डोरीन, माझा चहा कुठाय?"

तिनं काच खाली केली. "मुखपृष्ठावर बघ," ती म्हणाली, आणि मांडीवरचा थर्मास उघडून आधी माझा कप भरला.