रुमालाखालची बोटं

अध्यक्षांनी मॅडमना फसवलं. ज्या हॉस्पिटलात मॅडम फिटच्या आजारावर नव्या डॉक्टरांना शिकवत, त्याच हॉस्पिटलचे अध्यक्ष. भर कार्यक्रमात, माझ्यादेखत, "ही शिकवायची खोली कायमची तुमची" म्हणाले आणि फिरले. मी केडगावचा गाईंचा व्यापारी. आमच्यात शब्द फिरवणाऱ्याच्या दावणीला पुन्हा कुणी जात नाही.

मॅडम ऐकताना डोळे मिटायच्या. चष्मा काढून केसांत खोवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "बरं. त्याच्या आधी?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई पेंगतायत. मी भडकून बायकोला म्हणालो, "चल ऊठ. हितं डॉक्टरलाच झोप आलीय."

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "बसा, व्यापारी. गाय घेण्याआधी तुम्ही तिला चालवून बघता ना? बघू द्या मलाही."

माझी पोरगी तेव्हा शाळेत होती. धाडकन पडायची, हातपाय झाडायची. राहुरीपासून पुण्यापर्यंत दवाखाने झाले. सगळे एकच विचारायचे, पडल्यावर काय झालं? मॅडम पडण्यापासून उलट्या मागं निघाल्या.

खोलीत चार-पाच शिकाऊ डॉक्टर बसले होते, कुणी शेवगावचा, कुणी पाथर्डीची. मॅडमनी त्यांची पेनं खाली ठेवायला लावली. लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"पडायच्या आधी?"

"गप झाली," बायको म्हणाली.

"त्याच्या आधी?"

"ओढनीशी चाळा करीत हुती."

"कसला चाळा?"

बायको लाजली. "ह्यांच्यावानी. भाव करती ती. आमी हसतो घरात. म्हनतो, बापाचा धंदा हीच चालवनार."

तुम्ही जनावरांचा बाजार पाहिला असेल तर ठाऊक असेल. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. बघणाऱ्याला काही कळत नाही. पोरीची बोटं ओढणीखाली तशीच चालायची आणि आम्हाला कौतुक वाटायचं.

मॅडमनी डोळे उघडले. "त्या वेळी हाक मारली तर ओ देते?"

"न्हाई देत," बायको म्हणाली. "पर सौद्यात असल्यावर ह्ये तरी कुठं देत्यात?"

मॅडम डॉक्टरांकडे वळल्या. "फिट तिथं सुरू होते. पडणं हा तिचा शेवट. आपण सगळे शेवट बघून औषध देतो."

मग पोरीला जवळ घेऊन विचारलं, "तेव्हा तू कुठं असतेस गं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"बाजारात," ती म्हणाली. "धुकं असतं. सगळ्या गाई पांढऱ्या. गळ्यातल्या घंटा हालत्यात, पर वाजत न्हाईत. कुनीतरी माझा हात धरतं. वाटतं, भाव ठरला की घरी जायचं. पर ठरतच न्हाई."

"गाय चांगली असते का?"

"लई देखनी."

"मग बापाला सांगू नकोस. लगेच विकेल."

पोरगी हसली. गोळ्या बदलल्या, आणि हळूहळू तो पांढरा बाजार उठला.

पुढं डॉक्टरांची नवी तुकडी आली की मॅडमचा निरोप यायचा. मी रुमाल घेऊन हजर. एकेक डॉक्टर माझ्या रुमालाखाली हात घालायचा आणि फिटच्या सुरुवातीला बोटं कशी चालतात ते शिकायचा. "आवळू नका, डॉक्टर," मी म्हणायचो, "गिऱ्हाईक पळंल." मॅडम डोळे मिटून कोपऱ्यात बसलेल्या असत. शेवटी त्याही हात पुढं करायच्या. गार, हलका हात. त्यांच्याशी भाव करताना मी कधीच जिंकलो नाही.

मग अध्यक्षांना ती खोली हवी झाली. तिथं आता त्यांची केबिन, काचेचा दरवाजा आणि पाहुण्यांसाठी सोफा आहे. शिकवणं बंद. मॅडम भांडल्या नाहीत, चष्मा केसांत खोवून निघून गेल्या. पुढच्या हिवाळ्यात त्या वारल्याचं कळलं.

परवा हिवरे बाजारचा माझ्या ओळखीचा एक दूधवाला फिट येणाऱ्या पोराला घेऊन त्याच हॉस्पिटलात गेला. पडल्यावर काय झालं, एवढं विचारून नव्या डॉक्टरनं गोळ्या लिहिल्या. पडण्याआधी ते पोरगं ओठ चाटत भिंतीकडे बघत बसतं, हे दूधवाल्यानं मला चहाच्या टपरीवर सांगितलं. कारण मी विचारलं.

मी तडक अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेलो आणि विचारलं, मॅडमची खोली का काढून घेतली? ते म्हणाले, "जागेची अडचण झाली हो." मी सोफ्यावर बसलो आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं धुकं आलं, पांढऱ्या गाई आल्या, आणि रुमालाखाली तो गार हात आला.

"बरं," मी म्हणालो. "त्याच्या आधी?"

पुढच्या बाजाराला गाई दुसरा कुणी नेईल, मी इथंच बसणार आहे. अध्यक्षसाहेब, खोली कायमची म्हणालात, तेव्हा मनात काय होतं? त्या दूधवाल्याच्या पोराला आता कोण विचारणार? सांगा. मला घाई नाही.