इस्त्रीवाल्या मावशींचे रविवार

इस्त्रीवाल्या मावशींना तारीख कधी ठाऊक नसे, पण आमच्या चर्चमध्ये कोणता काळ चालू आहे ते त्या रंगावरून अचूक सांगत. "जांभळा निघाला, म्हंजे तुमचा उपास लागला," असं म्हणत फादरचा झगा खांद्यावर टाकून न्यायच्या. झगा म्हणजे मिस्साच्या, चर्चमधल्या उपासनेच्या वेळी फादर इतर कपड्यांवरून घालतात तो घेरदार अंगरखा. सणाप्रमाणे त्याचा रंग बदलतो. झग्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे, कारण शाळेतून निवृत्त झाल्यावर मला तेवढंच काम उरलं होतं. मावशी शेलार गावच्या. भिवंडीत लूमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची इस्त्रीची गाडी असे.

नुसता रंग कळून त्यांचं भागत नसे, कारणही हवं असे आणि ते पटायलाही हवं असे. वर्षातल्या साध्या रविवारी हिरवा, असं मी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "हिरवा आनि साधा? बाई, शेत हिरवं असलं की त्यापरीस मोठा सन कनचा?" पांढरा नाताळचा, ईस्टरचा, आनंदाचा, हे तर मुळीच पटलं नाही. "पांढरं आमी मानसाला शेवटी घालतो."

"आमच्यातही मयताच्या मिस्साला चालतो," मी म्हटलं. "तो माणूस पुन्हा उठणार आहे म्हणून."

मावशींनी इस्त्री उभी केली. "उठनार?" जरा विचार करून म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला नका उठवू."

मग नवे, तरुण फादर आले. उपवासकाळ जांभळा, पण मध्येच एका रविवारी गुलाबी झगा असतो, त्याची त्यांना भारी लाज. "बाई, बँडवाल्यासारखा दिसतो मी. जांभळाच काढा." मावशींच्या कानावर हे गेलं. शनिवारी त्यांनी गुलाबी झगा कडक इस्त्री करून आणला आणि जांभळा आपल्या दारात भिजवून वाळत टाकला. "अर्धा उपास सरला, फादर. एक दिस तरी हसा की!" त्या रविवारी झगा गुलाबी होता आणि फादरचे कानही.

पण खरा प्रसंग घडला पेंटेकॉस्टच्या सणाच्या आदल्या दिवशी. दुपारी मावशी चर्चच्या दाराशी आल्या, चपला हातात, तोंड उतरलेलं. आमच्याकडे लाल झगा एकच होता. कोळशाच्या इस्त्रीतून निखारा उडून त्याला छातीवर रुपयाएवढं भोक पडलं होतं. घडी घालून भोक आत लपवलं असतं तर रविवारच्या मिस्सापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. मावशींनी तेच पुढं धरलं. "माझ्या हातनं झालं. आता दुसरी बाई बघा."

फादर भोकाकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं. आणि ते एकदम हसत सुटले. "मावशी, उद्याचा सण कशाचा ठाऊक आहे? देवाचा आत्मा आगीच्या ज्वाळांसारखा येशूच्या शिष्यांवर उतरला, त्याचा! म्हणून तर लाल."

मावशींना धीर आला. "मंग फादर, तुमची आग एक दिस आधीच उतरली. माझा काय दोष?"

तरी त्या स्वस्थ बसल्या नाहीत. घरी जाऊन पेटी उघडली. संध्याकाळी झगा परत आला तेव्हा भोकाच्या जागी सोनेरी जरीची ज्वाळा होती, टाके दिसणारही नाहीत अशी. दुसऱ्या दिवशी बायका कुजबुजल्या, नवा झगा गोव्याहून मागवला वाटतं. मावशी गुपित राखायला म्हणून मागच्या बाकावर बसल्या होत्या. गोव्याचं नाव ऐकलं आणि राहवेना. भर चर्चमध्ये म्हणाल्या, "गोवा न्हाय! माझ्या लग्नाच्या लुगड्याचा पदर हाय तो!"

पुढं गुडघे गेले आणि लेक त्यांना आपल्या घरी, अंबाडी गावाला घेऊन गेली. गाडी गेली, झगे लाँड्रीत जाऊ लागले. ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतात, एक शब्दही न बोलता.

गेल्या वर्षी लेकीचा फोन आला, "आई गेली." फादर आणि मी लगेच निघालो. अंबाडीच्या रस्त्याला लागल्यावर माझं लक्ष फादरच्या शर्टाकडे गेलं. घाईत दोरीवरून ओढून घातलेला, कॉलर पार चुरगळलेली. "असे जाणार तुम्ही त्यांच्यासमोर?" मी विचारलं. फादरनी गाडी थांबवली. रस्त्याकडेला एका इस्त्रीवाल्याला शर्ट काढून दिला आणि स्वतः बनियनवर उभे राहिले.

"काय, लग्नाला निघाला काय?" त्यानं विचारलं.

फादर रस्त्याकडे बघत म्हणाले, "नाही. मावशीकडे."